पाठीवरचा हात

९ जून

आत्या,

नमस्कार. तीन दिवस तुझा फोन लावतेय, लागतच नाही. शेवटी तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला लावला, तर ती म्हणाली, बाईंनी फोन कधीच काढून टाकला, त्यांना कटकट नको होती. धन्य आहे तुझी! म्हणजे आता आत्याशी दोन शब्द बोलायचे तर पोस्टाची पायरी चढायला हवी.

आढेवेढे घेत नाही, काम आहे म्हणूनच लिहितेय. बिट्टीची शाळा संपली. सतराची झाली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा तिचे दोन दात पडलेले होते. पोरगी गाते, आत्या. आई आहे म्हणून म्हणत नाही. स्वयंपाकघरात ती काहीबाही गुणगुणते आणि माझा हात थांबतो. तिला संगीत महाविद्यालयात जायचंय. प्रवेशाची परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे हातात नऊ महिने आहेत. इथे शिकवणारे दोघे आहेत. एक जण वीस मुलांना एका खोलीत कोंबतो आणि दुसरा तासभर स्वतःच गाऊन दाखवतो.

तिला तुझ्याकडे ठेवून घेशील? तुझी पद्धत मला अजून पाठ आहे. जमिनीवर आडवं पडून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवून श्वास घ्यायचा, मग महिनाभर ओठ मिटून नुसतं गुणगुणायचं. पाठीवर हात ठेवून सूर ओळखायचं ते माझ्या वेळी नव्हतं, ते तू नंतर काढलंस. पण हल्ली सगळे त्याचंच कौतुक करतात. आमच्या दुकानात चष्मा करायला आलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, त्यांची भाची तुझ्याकडे शिकलीय. म्हणाल्या, बाईंना कानांची गरजच नाही, त्या तळहाताने ऐकतात.

दुकानावरून आठवलं. परवा एक आजोबा आले होते. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. मला शंका आली म्हणून दुसरा तक्ता लावला, तर पहिलं अक्षरही दिसेना. गेली तीन वर्षं ते तक्ता पाठ करून येत होते! आम्ही हसून हसून बेजार.

उत्तर लवकर दे.

तुझी
ठकी


२० जून

ठके,

आशीर्वाद. अक्षर सुधारायचं मनावर घेतलेलं दिसत नाही.

बिट्टीला मी घेऊ शकत नाही. नवीन कुणाला घेणं दोन वर्षांपूर्वीच थांबवलं. आता चौघेच येतात. दंतवैद्याची बायको, तिच्या मागोमाग लागून आलेल्या दोघी बहिणी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. त्याला गाणं कधीच येणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही, पण मंगळवारी माणसाला कुठेतरी जायला हवं. चाळीस वर्षं शिकवलं, पुष्कळ झालं. शिवाय जिना उभा आहे, आतली खोली ओलसर आहे, आणि तरुण मुलीला माझ्यासारख्या म्हातारीबरोबर करमायचं नाही. दुसरं कुणीतरी बघ.

त्या आजोबांच्या गोष्टीत हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. दिसत नाही हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असणार. उगाच चारचौघांत त्याची शोभा केलीत.

आत्या


२८ जून

आत्या,

जिना उभा आहे म्हणे. बिट्टी सतरा वर्षांची आहे, सत्तरची नाही. खरं कारण मला कळलं, आणि तेही तुला पत्रात लिहिता आलं नाही याचं वाईट वाटतं.

मी सोळा वर्षांची होते. मी तुझी सगळ्यात लाडकी होते, हे तूच सगळ्यांना सांगायचीस. आणि एका दुपारी, मी गाणं अर्धवट म्हटलेलं असताना, तू पियानोचं झाकण लावलंस. म्हणालीस, “तुझा वरचा सूर विरत चाललाय, ठके. चार महिने वाट पाहिली. तुझ्या गळ्यात गाणं नाही. उगाच वेळ घालवू नकोस.” एवढंच. मग आत जाऊन चहा टाकलास, मलाही दिलास.

त्यानंतर मी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणले नाही. पंचवीस वर्षं झाली. मी तुला कधी बोलले का? तू जाणकार होतीस, तू म्हणालीस ते खरंच असणार, असं धरून मी चष्मे विकायला लागले. तक्रार नाही माझी. पण माझ्या लेकीला न ऐकताच तू तेच सांगतेयस. माझी मुलगी म्हणजे तिच्याही गळ्यात गाणं नसणार, असंच ना? निदान एकदा ऐकून तरी नाही म्हण.

ठकी


६ जुलै

ठके,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. चिडून लिहिलंस की अक्षर बरं येतं तुझं.

पाठव पोरीला. आतली खोली रिकामी करून घेतली आहे. शिंपिणीने पडदे शिवून दिले, थोडे आखूड झालेत.

माझ्या घरात माझी रीत चालेल. माझ्याशी बोलताना समोर उभं राहून, तोंड उघडून, स्पष्ट बोलायचं. पाठमोरी बडबड आणि पुटपुटणं मला खपत नाही, ती गायकाची सवय नव्हे. शिकवणीच्या वेळी खोलीत तिसरं माणूस नको. तिचा तो मोबाईल खोलीबाहेर, जिन्यात जाऊन बोलायचं. आणि परीक्षा होईपर्यंत तू इकडे फिरकायचं नाहीस. आई आली की मुली आईसाठी गातात.

तू लिहिलंस तसं माझ्या मनात काही नव्हतं. मुलीबद्दल नव्हतं. एवढ्यावर विश्वास ठेव, जास्त विचारू नकोस.

खरं सांगायचं तर घर फार शांत झालंय हल्ली.

आत्या


३० सप्टेंबर

ठके,

आशीर्वाद. तू दर आठवड्याला जिन्यात तिची उलटतपासणी घेतेस ते मला माहीत आहे, तरी माझ्याकडून ऐक.

पहिला महिना पुस्तक पोटावर. कंटाळली, पण हूं की चूं केलं नाही. दुसरा महिना मिटलेले ओठ. आता तोंड उघडायला परवानगी दिली आहे. सकाळी तीन तास, दुपारनंतर तीन. मी तिच्यामागे उभी राहते, समोर मोठा आरसा, म्हणजे तिचा जबडा आणि गळा मला दिसतो, आणि तळहात खांद्यांच्या पात्यांमध्ये. सूर घशात अडकला तर पाठ मुकी राहते. सूर खाली उतरला की पाठ बोलते. सुरुवातीला या पोरीची पाठ अगदी मुकी होती. मी म्हणायची, “नाही आलं. अजून.” ती पुन्हा लावायची. “अजून.” हळूहळू तळहाताला काहीतरी लागायला लागलंय. पोरगी चिवट आहे. मी “अजून” म्हटलं की दुप्पट जोर काढते.

ठके, इतक्या वर्षांत सकाळी उठून खिडक्या उघडाव्याशा वाटल्या नव्हत्या. आता उघडते. दंतवैद्याच्या बायकोला मी शनिवारी हसून दाखवलं तर तिला वाटलं माझा दात दुखतोय.

खाली बिट्टीच्या दोन ओळी.

आत्या

आई, मी मजेत आहे. आत्याआजी अगदी तुझ्यासारखी रागावते. पण पाठीवर हात ठेवते ना, तेव्हा फार छान वाटतं. तू कशी आहेस? माझी चादर धुऊन टाक. – बिट्टी


१९ नोव्हेंबर

आत्या,

नमस्कार. तिचं बरं चाललंय ना? रविवारी फोनवर बोलली तेव्हा आवाज बसल्यासारखा वाटला. मला वाटलं सर्दी असेल. पण मागच्या रविवारीही तसाच होता, आणि त्याच्या आधीच्याही. खरखर येते, आणि मध्येच शब्द तुटतो. मी विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं, रियाज जास्त झाला.” हसली, पण हसण्यालाही आवाज नव्हता.

एखाद्या घशाच्या डॉक्टरला दाखवायचं का? मी येऊन घेऊन जाऊ का दोन दिवस? तुझी अट माहीत आहे, म्हणून आधी विचारते. माझं मेलीचं मन नको नको ते चिंतत असेल, पण जीव थाऱ्यावर नाही.

ठकी


२७ नोव्हेंबर

ठके,

तू त्या डबड्यातून तिला आठवड्यात दहा मिनिटं ऐकतेस. मी रोज सहा तास ऐकते. तिच्या आवाजात खरखर नाही, काही नाही. सूर उघडायला लागला की बोलण्याचा आवाज महिना-दोन महिने जड होतो, हे पूर्वीपासून होत आलंय. घसा दुखल्याचंही ती एकदा म्हणाली. दुखणारच. इतकी वर्षं बंद असलेलं दार उघडतंय.

ऐन रंगात आलेली शिकवणी मोडून तिला डॉक्टरांच्या बाकावर नेऊन बसवायचं असेल तर खुशाल ने. पण मग मार्चमध्ये माझ्याकडे बोट दाखवू नकोस. आणि रागावू नकोस, पण सुराच्या बाबतीत तुझ्या कानावर भिस्त ठेवावी असं कधी होतं का?

आत्या


८ डिसेंबर

आत्या,

तुझं बरोबर आहे. तू म्हणतेस तर तसंच असणार. मला त्यातलं काय कळतंय.

तिला रात्री गरम पाणी प्यायला सांग एवढंच.

ठकी


१८ जानेवारी

ठके,

आज आलं!

सकाळची शिकवणी. वरची पट्टी, शेवटची ओळ. आरशात पाहिलं तर तोंड पूर्ण उघडं, मान सैल, डोळे पाण्याने भरलेले. आणि तळहाताखाली तिची पाठ अशी थरथरली, की चाळीस वर्षांत कुणाची थरथरली नव्हती. मी ओरडलेच, “आलं! आता आलं!” मी रडले, तीही रडली. दोघी पियानोला टेकून वेड्यासारख्या उभ्या होतो.

आता परीक्षेची चिंता तू करू नकोस. तिथल्या परीक्षकांनी करावी.

आत्या


२१ मार्च

आत्या,

चार दिवस झाले. आधी लिहिणं जमलं नाही.

तू ताप आला म्हणून आली नाहीस, म्हणून परीक्षेला तिच्याबरोबर मी गेले. जानेवारीपासून ती फोनवर बोलतच नव्हती, नुसते मेसेज लिहायची; स्टेशनवर भेटली तेव्हाही खुणाच करत होती. मोबाईलवर लिहून दाखवलं, आवाज राखून ठेवतेय. मीही समजले, तुझीच शिकवण असणार. आत जाण्यापूर्वी तिने माझा हात धरला आणि नेऊन स्वतःच्या पाठीवर ठेवला. मला कळलं नाही का ते.

दार अर्धवट उघडं होतं. पियानोवाल्याने सूर दिला. तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मग फाटलेल्या कापडासारखं काहीतरी आलं. परीक्षक बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, “थांब, बाळा, थांब, गाऊ नकोस.” ती थांबली नाही. तिने आणखी जोर लावला. मग खोकली आणि रुमालाला रक्त लागलं.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, मला पडद्यावर दाखवलं. एका स्वरतंतूवर रक्त साकळून व्रण झालाय, जुना आहे. त्यावरच रोज ओरडून पुन्हा पुन्हा जखम झाली. ते म्हणाले, नोव्हेंबरात आणली असती तर पंधरा दिवस गप्प बसून बरी झाली असती. नोव्हेंबरात, आत्या. आता दोन महिने एक शब्द बोलायचा नाही. नंतर बोलता येईल, घोगरं. गाणं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, हिला शिकवणारं कोण आहे, बहिरं आहे का? मी त्यांच्यावर चिडले. तुझी बाजू घेऊन भांडले मी! घरी येऊन भांडी घासताना हात थांबले. फोन काढून टाकला. समोर उभं राहून बोल. तळहाताने ऐकतात.

खरं काय ते लिही. एकदा तरी.

ठकी


२ एप्रिल

ठके,

डॉक्टरांचं खरं आहे.

बारा वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. त्याने खोलीत बसवून शिट्ट्या वाजवल्या आणि कागदावर डोंगराच्या उतारासारखी रेघ काढून दाखवली. वरचे आवाज गेलेत, म्हणाला, पुष्कळ आधीपासून जात होते, खालचेही जातील. यंत्र दिलं. ते लावून पियानो वाजवला तर पत्र्याच्या डब्यात कुणी चमचे टाकतंय असं वाटलं. काढलं आणि खणात ठेवलं. बहिऱ्या बाईकडे मुलीला गाणं शिकायला कोण पाठवेल? मग पाठीवर हात ठेवायला लागले. लोकांना ती पद्धत वाटली. लोकांनीच तिचं कौतुक केलं, मी ते नाकारलं नाही. दंतवैद्याच्या बायकोचं काय बिघडणार होतं? हौशी माणसं, आठवड्यातून एकदा यायची, तळहाताने भागत होतं. तुझ्या दुकानातल्या त्या आजोबांसारखी मी तक्ता पाठ करून बसले होते.

म्हणून मी पहिल्यांदा नाही म्हटलं. तेवढंच एक मी बरोबर केलं. मग तू ते पत्र लिहिलंस. तुझ्यावर ढकलत नाही. तुझ्या पत्राला एका ओळीत उत्तर देता आलं असतं: मला ऐकू येत नाही. ती ओळ मी लिहिली होती. कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर पाठव म्हणून लिहिलं. घर शांत होतं, ठके. आणि एकदा, जाता जाता, एक खरं गाणं माझ्या हातून व्हावं असा लोभ सुटला.

नोव्हेंबरात तू विचारलंस तेव्हा मी घाबरले होते. मी तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकायचा प्रयत्न केला. काही कळलं नाही. कळत नाही म्हणून खरखर नाही असं लिहिलं, आणि तू आणखी काही विचारू नयेस म्हणून ते कानाचं वाक्य मुद्दाम लिहिलं. कुठे मारलं की तू गप्प बसतेस हे मला ठाऊक होतं.

परीक्षेच्या वेळी मला ताप नव्हता. तिथे चारचौघांसमोर तिचं गाणं कसं झालं असं कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

माफी मागत नाही. मागण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. मंगळवारी पोस्टमास्तर आला तेव्हा त्याला दारातच खरं सांगितलं. तो बराच वेळ जिन्यात बसून राहिला, मग गेला.

आत्या


१५ मे

आत्याआजी,

मी बिट्टी. आई तुला लिहीत नाहीये. तुझं पत्र तिने मला वाचायला दिलं आणि दुकानात निघून गेली. मला अजून बोलायचं नाही. पाटी आणि खडू घेऊन फिरते. वाणी मला मुकी समजून मोठ्याने बोलतो.

तुला एक सांगायचंय. मला माहीत होतं.

दुसऱ्याच महिन्यात कळलं. तुझ्या पियानोची उजवीकडची शेवटून चौथी पट्टी मेलेली आहे. दाबली की नुसतं लाकूड वाजतं, टक्. तू एकदा मला सूर दे म्हणालीस तेव्हा चुकून तीच दाबली गेली. तू म्हणालीस, “हं, बरोबर, आता यावर लाव.” मला आधी वाटलं तू गंमत करतेस. मग मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दाबली. तू पुन्हा मान डोलावलीस.

सांगितलं असतं तर तू शिकवणं थांबवलं असतंस आणि आईने मला घरी नेलं असतं. आणि आईला तू जे सांगितलं होतंस, गळ्यात गाणं नाही म्हणून, ते मला ऐकायचं नव्हतं. आईचं तोंड मी लहानपणापासून बघतेय. रेडिओ लागला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

म्हणून मी ठरवलं, जास्त मोठ्याने गायचं. इतकं मोठ्याने, की तुला ऐकू जाईल. तू “अजून” म्हणायचीस, मी अजून काढायचे. घसा दुखतो हे मी तुला तीनदा म्हणाले. दोनदा तुला कळलंच नाही, तिसऱ्यांदा तू म्हणालीस, दुखणारच. मग सोडून दिलं.

जानेवारीतला तो दिवस तू आईला लिहिला होतास, आज आलं म्हणून. आत्याआजी, त्या दिवशी मी गात नव्हते. आवाज त्याच्या आदल्या दिवशीच गेला होता. मी तोंड उघडलं होतं आणि खोकला आतल्या आत दाबून धरला होता, म्हणून पाठ हलत होती. तू रडलीस. कुणी माझ्यासाठी असं कधी रडलं नव्हतं. म्हणून मी पुढचे दोन महिने तसंच केलं.

आईला हे माहीत नाही. मी तुझ्यावर रागावलेय, पण सगळा वेळ नाही. मधूनच पाठीला तुझ्या हाताची आठवण येते आणि मग स्वतःचाच राग येतो.

एकच विचारायचं होतं. हाताचं मोजू नकोस त्यात, नुसतं कानांनी. तू माझं गाणं एकदा तरी ऐकलंस का? पहिल्या दिवशी, आल्या आल्या, मी दारात उभी राहून तुला एक गाणं म्हणून दाखवलं होतं. तेव्हा माझा आवाज चांगला होता. ते तरी?

बिट्टी


२३ मे

बिट्टी,

नाही. तेही नाही.

तू दारात उभी राहिलीस, तोंड उघडलंस, आणि अगदी तुझ्या आईसारखी मान तिरकी केलीस. मला तुझ्या आईचा आवाज आठवला, सोळा वर्षांची असतानाचा. तोच मी तुझ्या तोंडात घातला. मग आठ महिने मी तोच ऐकत होते. तुझा कसा होता ते मला माहीत नाही, आणि आता कळणार नाही.

आणखी एक आहे, जे मी तुझ्या आईला लिहिलेल्या पत्रातही लपवलं. त्या कानाच्या डॉक्टरने रेघ काढून विचारलं होतं, पहिल्यांदा कधी जाणवलं? मी म्हटलं, आत्ता आत्ता. तो म्हणाला, शक्य नाही, तेरा-चौदा वर्षं झाली असतील, आठवून बघा. घरी येताना मी आठवलं. पहिल्यांदा विरला तो तुझ्या आईचा वरचा सूर. चार महिने मी वाट पाहिली, तो रोज थोडा थोडा कमी होत गेला, आणि मी पियानोचं झाकण लावलं. तिचा सूर जागच्या जागी होता. विरत होते ते माझे कान. तिच्याइतका चांगला गळा माझ्याकडे पुन्हा कधी आला नाही. बारा वर्षं मला हे माहीत आहे आणि बारा वर्षांत मी तिला सांगितलं नाही.

पियानो न्यायला उद्या माणसं येणार आहेत. दारावरची शिकवणीची पाटी मी काढली आहे, भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिलाय.

हे पत्र आईला वाचायला दे. तोंडी सांगायला जाऊ नकोस, तुझ्या घशाला त्रास होईल.

आत्याआजी